शिवराईचे मोल आणि शिवराईची हकीकत

१

ठाणे शहराच्या ईशान्येस, जुना आग्रा रस्ता कापूरबावडी सोडून भिवंडीच्या दिशेने निघतो आणि कशेळीच्या पुलावरून खाडी ओलांडतो, त्या पुलाच्या अलीकडे बाळकुम हे गाव आहे. गावठाणातली जुनी घरे आणि त्यांच्या भोवती अलीकडच्या काळात उभ्या राहिलेल्या उंच इमारती अशा दोन वस्त्या तेथे आज शेजारी नांदतात. खाडीपलीकडचा कल्याण-भिवंडीचा मुलूख १६५७ साली शिवाजी महाराजांच्या अमलाखाली आला आणि मराठी आरमाराची पहिली जहाजे त्याच परिसरात बांधली गेली. ठाण्याचा किल्ला १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून घेतला आणि १७७४ सालच्या डिसेंबरात तो इंग्रजांनी सर केला. या उलथापालथीत राज्यकर्ते बदलले, दप्तराची भाषा बदलली, जकातीची नाकी बदलली. परंतु बाजारहाटाच्या किरकोळ व्यवहारात मराठी रयतेच्या हाती जे तांब्याचे नाणे पिढ्यानपिढ्या फिरत राहिले, ते शिवराई. इंग्रजी अंमल स्थिर झाल्यानंतरही, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत, महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून ते चालत होते.

ही शिवराई जमवणारी माणसे बाळकुमात आहेत, कल्याणात आहेत, डोंबिवलीत आहेत. एखाद्या निवृत्त कामगाराच्या कपाटात, एखाद्या शिक्षकाच्या पुस्तकांमागे, एखाद्या तरुण संगणक-अभियंत्याच्या लोखंडी पेटीत तिचे लहानमोठे संग्रह आहेत. या लेखाच्या निमित्ताने त्यांच्यापैकी काहींच्या भेटी घेतल्या, ठाण्याच्या बाजारपेठेतील एका सराफाशी बोललो, मुंबईच्या नाणे-प्रदर्शनांतून विक्रेत्यांच्या मेजांपाशी उभा राहिलो. आणि सर्वत्र संभाषण फिरून फिरून एकाच विषयावर येत राहिले. तो विषय म्हणजे भाव. अक्षरे झिजलेली सामान्य दुदांडी शिवराई आजही काही शे रुपयांत मिळते, हे खरे. पण ज्या नाण्यावर राजाचे नाव स्वच्छ उमटले आहे, ज्याचा काठ पूर्ण आहे आणि ज्याची अक्षरवटिका दुर्मीळ आहे, त्याचा भाव गेल्या काही वर्षांत असा चढला आहे की पगारदार मनुष्याने त्याकडे दुरूनच पाहावे. शिवकालीन सुवर्णहोनाची गोष्ट तर लाखांच्या घरातली. ही वाढ छंदाला पोषक आहे की मारक, हा प्रश्न या मंडळींत मतभेदाचा आहे, आणि तो वरवर दिसतो त्यापेक्षा पुष्कळ खोल आहे.

२

याच प्रश्नाने दूरच्या एका देशात गेली काही वर्षे मोठी खळबळ उडवली आहे. अमेरिकेत बेसबॉलपटूंची चित्रे छापलेली पुठ्ठ्याची कार्डे जमवण्याचा छंद शतकाहून जुना आहे. प्रारंभी ती सिगारेटच्या पाकिटांतून येत, पुढे च्युइंगमबरोबर येऊ लागली. आपल्याकडेही १९८०च्या दशकात ‘बिग फन’च्या वेष्टणांतून निघणारी क्रिकेटपटूंची चित्रे शाळकरी मुलांनी जिवापाड जपली होती. अमेरिकेत खेळाडूच्या पदार्पणाच्या काळातील कार्डाला, ज्याला तेथे रूकी कार्ड म्हणतात, विशेष प्रतिष्ठा आहे. माइक ट्राउट या खेळाडूचे २००९ सालचे एकमेव प्रतीचे कार्ड २०२० साली ३९ लाख डॉलरांहून अधिक किमतीस विकले गेले. मिकी मँटलचे १९५२ सालचे एक कार्ड २०२२ साली १ कोटी २६ लाख डॉलरांना गेले. तेच कार्ड त्याच्या आधीच्या मालकाने १९९१ साली ५० हजार डॉलरांना घेतले होते. पॉल स्कीन्स या तरुण गोलंदाजाच्या पदार्पणाचे एकमेव कार्ड एका ११ वर्षांच्या मुलाच्या पाकिटात निघाले आणि मार्च २०२५ मध्ये ते ११ लाख डॉलरांवर विकले गेले.

या आकड्यांनी छंदाकडे लोकांचे लक्ष वेधले यात शंका नाही. परंतु त्याच्या दुसऱ्या बाजूचाही अनुभव त्या देशाने घेतला आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस, जुन्या कार्डांचे चढते भाव पाहून लोकांनी नवी कार्डे गुंतवणूक म्हणून खोक्यांनी साठवली, कंपन्यांनी त्या मागणीला पुरेल इतकी अमर्याद छपाई केली, आणि प्रत्येकाने प्रत्येक कार्ड जपून ठेवल्यामुळे त्यांतले काहीच दुर्मीळ उरले नाही. त्या काळातील बहुसंख्य कार्डांना आज कागदाच्या रद्दीपलीकडे फारशी किंमत नाही. पुढे २०२१ साली कार्डांची प्रत ठरवून देणाऱ्या सर्वांत मोठ्या संस्थेकडे इतका ओघ आला की तिला नवी कार्डे स्वीकारणे काही काळ थांबवावे लागले, आणि विस्कॉन्सिन राज्यातील एका दुकानाबाहेर कार्डांवरून मारामारी झाल्यानंतर टार्गेट या मोठ्या दुकानसाखळीने कार्डांची विक्रीच तहकूब केली. ज्या वस्तूसाठी मुलाने खाऊचे पैसे मोजावेत, त्या वस्तूच्या दारात प्रौढांची झुंबड उडाली आणि मूल रांगेच्या बाहेर राहिले.

शिवराईचे प्रकरण दोन बाबतींत याहून भिन्न आहे, आणि ती भिन्नता लक्षात ठेवूनच पुढचा विचार केला पाहिजे. रूकी कार्डाचा भाव भविष्यावर लावलेला असतो: तो तरुण पुढे थोर खेळाडू होईल या आशेवर. शिवराईवर ज्याचे नाव आहे त्याची थोरवी सिद्ध झालेली आहे. तेथे अनिश्चित काही असेल तर ते नाण्याचे खरेपण आणि नाण्यांची संख्या. दुसरी गोष्ट अशी की कार्ड छापखान्यातून येते आणि शिवराई जमिनीतून. म्हणूनच भाव चढला की कार्डाच्या बाबतीत छापखाना धावू लागतो, आणि शिवराईच्या बाबतीत कुदळ.

३

६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला आणि सोन्याचा होन व तांब्याची शिवराई ही नव्या राज्याची नाणी म्हणून प्रसिद्धीस आली. दोन्हींवर एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ ही अक्षरे आहेत. चहूकडच्या दरबारांत फारसी मजकुराची नाणी पाडली जात असता या राजाने आपले नाव देवनागरीत घातले, ही गोष्ट त्या राज्याच्या स्वरूपाची साक्ष देणारी आहे. होनाचे वजन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास. शिवराई तोळ्याच्या आगेमागे, उत्तरकाळात त्याहूनही हलकी. चौसष्ट शिवराया म्हणजे एक रुपया असा सामान्य हिशेब होता.

ही नाणी हाताने पाडली जात. तांब्याचा तुकडा तोडून, तोलून, दोन ठशांच्या मध्ये धरून त्यावर घण घातला जाई. ठसा पुष्कळदा तुकड्याहून मोठा असल्यामुळे संपूर्ण मजकूर एका नाण्यावर क्वचितच उमटतो. एकावर ‘राजा’ दिसतो तर ‘श्री’ काठाबाहेर गेलेली असते, दुसऱ्यावर ‘छत्र’ आहे तर ‘पति’ अर्धवट आहे. ठसे कोरणारे कारागीर अनेक आणि त्यांचे शुद्धलेखन आपापले. त्यामुळे ‘शिव’, ‘शीव’, ‘सिव’ असे भेद आढळतात, बिंदूंच्या वर्तुळाची घडण बदलते, आणि पुढच्या काळात मजकुराच्या ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी शिवराई दिसू लागते. शिवाजी महाराजांच्या पश्चात छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या काळातही हेच नाणे, त्याच नावाने, पाडले जात राहिले. कोणता ठसा कोणत्या काळचा, कोणत्या टांकसाळीचा, हे नाण्यावर सन नसल्यामुळे केवळ एक नाणे पाहून सांगता येत नाही. शेकडो नाणी शेजारी मांडावी लागतात, त्यांची वजने लिहावी लागतात, आणि ती कोणत्या गावी, कोणत्या इतर नाण्यांच्या सोबतीत मिळाली हे कळावे लागते. या शेवटच्या माहितीला, नाण्याच्या हकीकतीला, अभ्यासाच्या दृष्टीने नाण्याइतकेच महत्त्व आहे.

राज्याभिषेकाच्या प्रसंगी मुंबईच्या इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन रायगडावर आला होता. इंग्रजांच्या मागण्यांत त्यांचे नाणे स्वराज्यात चालावे अशीही एक मागणी होती. त्यावर महाराजांच्या बाजूने मिळालेल्या उत्तराचा आशय असा की, तुमचे नाणे इतर राजांच्या नाण्यांइतके शुद्ध आणि वजनदार असेल तर त्याला मज्जाव होणार नाही. परंतु ज्यात आपल्या रयतेचे नुकसान होईल असे नाणे घेण्याची सक्ती तिच्यावर करता येणार नाही. नाण्याचे मोल हुकुमाने ठरत नाही, नाण्याच्या अंगी जे आहे त्याने ठरते, हे तत्त्व त्या उत्तरात आहे. आजच्या संग्राहकाच्या हातातल्या शिवराईच्या अंगी मात्र तांब्याहून वेगळे असे काहीतरी आहे, आणि ते काय आहे हे ओळखण्यावरच आपल्या प्रश्नाचे उत्तर अवलंबून आहे.

४

भाववाढीच्या बाजूने बोलायचे तर बोलण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते प्रामाणिकपणे मांडले पाहिजे.

चलनातून बाद झाल्यावर शिवराईला कोणी वाली नव्हता. ती तांब्याच्या भावाने मोडीत जाई, तांबटाच्या मुशीत वितळे आणि तिचे घंगाळ होई. पुण्याच्या जुन्या बाजारात आणि मुंबईच्या चोरबाजारात जुनी तांब्याची नाणी ढिगाने, वजनावर विकली जात, असे वयोवृद्ध संग्राहक सांगतात. बाळकुमचे एक निवृत्त गृहस्थ, ज्यांचे आयुष्य कारखान्यात लेथ यंत्रावर गेले, रविवारी पुण्याला जाऊन अशा ढिगातून नाणी निवडीत असत. ते म्हणाले, “अहो, तेव्हा विकणारा माझ्याकडे कीव केल्यासारखा पाही. एक घेतले तर दोन वर टाकी. मी घेतली नसती, तर ती आज हंडा म्हणून कोणाच्या तरी घरी असती.” त्या काळात किती अक्षरवटिका, किती ठसे, किती दुर्मीळ नमुने मुशीत गेले याची मोजदाद कोणालाही करता येणार नाही. ज्या दिवशी शिवराईची किंमत तिच्यातील तांब्याच्या किमतीहून अधिक झाली, त्या दिवशी ती वाचली. हे श्रेय निःसंशय भावाचे आहे.

दुसरे असे की भाव हा पुष्कळांना ज्ञानाच्या दारापर्यंत आणून सोडतो. बाळकुमच्या एका उंच इमारतीत राहणारा तिशीतला अभियंता मोकळेपणाने म्हणाला, “काका, खरे सांगतो, मी गुंतवणूक म्हणूनच सुरुवात केली. पण दोन नाणी सारखी दिसतात आणि एकाची किंमत दहापट का, हे कळेना. म्हणून वाचायला लागलो.” आता त्याच्या मेजावर केनेथ विगिन्स आणि के. के. माहेश्वरी यांचा मराठ्यांच्या टांकसाळी व नाणी यांवरील १९८९ सालचा ग्रंथ आहे. नाशिकजवळ अंजनेरी येथील ज्या नाणेशास्त्रीय संशोधन संस्थेने तो प्रसिद्ध केला, ती परमेश्वरीलाल गुप्त आणि माहेश्वरी यांच्या परिश्रमांतून उभी राहिली. आणि ग्रंथकर्त्यांपैकी विगिन्स हे स्वतः संग्राहक होते. नाण्याच्या छंदात संग्राहक आणि संशोधक यांच्यातली सीमारेषा नेहमीच अशी पुसट राहिली आहे. संग्राहकाने पैसा खर्च केला नसता तर पुष्कळ साधनसामग्री अभ्यासकाच्या दृष्टीसही पडली नसती.

तिसरे कारण भक्तीचे. राज्याभिषेकाला २०२४ साली ३५० वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने, आणि त्याआधीपासूनही, महाराजांच्या नावाचे एखादे नाणे आपल्या देव्हाऱ्यात असावे अशी इच्छा असंख्य मराठी घरांत निर्माण झाली. या मागणीला व्यापाराची दृष्टी नाही. ती नाणी विकण्यासाठी घेतली जात नाहीत, पूजली जातात. आणि भाववाढीचा पुष्कळसा भाग या श्रद्धेतून आलेला आहे, हे ध्यानात न घेता सगळ्या वाढीला सट्टेबाजी म्हणणे अन्यायाचे होईल.

५

परंतु वाचलेले नाणे आणि वाचलेला इतिहास या दोन गोष्टी एक नव्हेत, आणि भाववाढीचे खरे दुष्परिणाम येथे सुरू होतात.

१९०६ साली नाशिकजवळच्या जोगळटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा एक प्रचंड साठा सापडला. त्यात १३,०००हून अधिक नाणी होती, क्षहरात राजा नहपान याची. आणि त्यांपैकी ९,०००हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवलेला होता. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी तो साठा तपासून त्याचा वृत्तान्त लिहिला. सातवाहनांनी नहपानाचा पराभव केला, त्याचा खजिना हाती घेतला आणि त्याच्याच नाण्यांवर आपली मुद्रा ठोकून ती पुन्हा चालवली, ही महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासातील केवढी महत्त्वाची घटना त्या एका साठ्याने प्रत्यक्ष करून दाखवली! विदर्भात तऱ्हाळा येथे १९३९ साली मिळालेल्या साठ्याचा अभ्यास वासुदेव विष्णु मिराशी यांनी केला, तेव्हा पुराणांच्या वंशावळींत नसलेल्या सातवाहन राजांची नावे प्रथमच प्रकाशात आली. हे दोन्ही साठे जर सापडल्याच्या दुसऱ्या दिवशी पाच-पाच, दहा-दहा नाण्यांनी फुटून निरनिराळ्या गिऱ्हाइकांच्या हाती गेले असते, तर प्रत्येक नाणे सुरक्षित राहिले असते, कदाचित काचेच्या पेटीत राहिले असते, आणि तरीही ती हकीकत कायमची नष्ट झाली असती.

आज मराठेशाहीच्या नाण्यांच्या बाबतीत हा धोका प्रत्यक्ष आहे, आणि आपला कायदा त्याला अनवधानाने साहाय्य करतो. जमिनीत सापडलेल्या गुप्त धनाविषयीचा कायदा १८७८ सालचा आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडल्यास सापडणाऱ्याने त्याचे स्वरूप, अंदाजे किंमत, ठिकाण आणि तारीख जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवावी, ते सरकारी खजिन्यात जमा करावे किंवा त्याबद्दल जामीन द्यावा, आणि ही गोष्ट दडवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, अशी त्यात तरतूद आहे. येथवर सर्व ठीक. परंतु सरकारला ते धन घ्यावयाचे असेल, तर त्यासाठी द्यावयाची रक्कम म्हणजे त्यातील धातूची किंमत आणि तिच्या वर एक पंचमांश! १८७८ साली, जेव्हा जुने नाणे आणि त्यातील धातू यांच्या भावात फारसे अंतर नव्हते, तेव्हा ही रक्कम उदार वाटली असेल. आज तांब्याच्या शिवराईला तांब्याची किंमत आणि वर पाचवा हिस्सा देऊ करणे म्हणजे, ज्याच्या नांगराला तो हंडा लागला त्या शेतकऱ्याला मौन पाळण्याची शिकवण देणे होय. बाजार त्याला कितीतरी पट देतो, रोख देतो, आणि ठिकाण विचारीत नाही. ठिकाण न विचारणे हीच त्या बाजाराची अट असते. आणि जी माहिती विचारली गेली नाही ती विक्रेत्याबरोबर नाहीशी होते.

इंग्लंडने हा पेच निराळ्या रीतीने सोडवला. तेथील १९९६ च्या कायद्याने संग्रहालयाने घेतलेल्या गुप्त धनाचा मोबदला बाजारभावाने देण्याचे ठरवले, आणि त्याच सुमारास, कायद्याच्या कक्षेत न येणाऱ्या लहानसहान वस्तूंचीही नोंद लोकांनी स्वेच्छेने करावी अशी योजना सुरू केली. वस्तू मालकाकडेच राहते. तिचे छायाचित्र, वजन आणि सापडल्याचे ठिकाण मात्र सार्वजनिक दप्तरी जमा होते. अशा १५ लाखांहून अधिक वस्तूंची नोंद तेथे झाली आहे. भाव वाढला म्हणून हकीकत हरवलीच पाहिजे असे नाही, याचा हा पुरावा आहे. हकीकतीलाही मोबदला आणि मान मिळाला, तर ती टिकते.

भाववाढीबरोबर दुसरे संकट आले ते बनावट नाण्यांचे. होनाच्या आणि शिवराईच्या प्रतिकृती स्मरणवस्तू म्हणून उघडपणे विकल्या जातात, त्यात गैर काही नाही. परंतु प्रतिकृतीला मातीत पुरून, रसायनाने काळी करून, खरी म्हणून गळी उतरवणारेही आता कमी नाहीत. मराठेशाहीत सरकारी खजिन्यात येणारे नाणे पोतदार पारखून घेत असे आणि सराफ प्रत्येक जातीच्या नाण्यावर बट्टा ठरवीत असे. ज्या सराफाशी मी बोललो, त्याने ओतीव नाण्याची लक्षणे दाखवली: पृष्ठभागावरची सूक्ष्म छिद्रे, काठावरची साच्याची सांध, अक्षरांच्या कडांना आलेला गुळगुळीतपणा, वजनातला फरक. हे ज्ञान पूर्वी दहा-वीस रुपयांच्या चुकांतून मिळत असे. आता प्रत्येक चूक हजारोंची असल्यामुळे नवखा संग्राहक चुका करण्यास धजत नाही; तो डबीत सीलबंद केलेले, प्रमाणपत्र लावलेले नाणे घेतो आणि ते हाती न घेताच त्याचा मालक होतो. प्रमाणपत्र त्याला फसवणुकीपासून वाचवते हे मान्य. परंतु नाणे बोटांनी ओळखण्याची जी पारख या छंदाचे हृदय आहे, ती त्याला कधीच येत नाही.

६

या सर्वांहून गंभीर अशी एक गोष्ट मला या भेटींतून उमगली, आणि तीच या लेखाचे सार आहे. भाव वाढला की छंदात दोन प्रकारची माणसे एकत्र येतात आणि दोघांचे हितसंबंध मुळातच परस्परविरुद्ध असतात. शिवराई नाण्यांचा एखादा मोठा साठा उद्या उजेडात आला, तर अभ्यासकाला तो उत्सव होय: नवे ठसे मिळतील, काळ ठरतील, टांकसाळी ओळखू येतील. परंतु ज्याने आपली बचत दुर्मीळ म्हणून घेतलेल्या पाच नाण्यांत गुंतवली आहे, त्याच्या दृष्टीने तीच वार्ता दिवाळखोरीची आहे, कारण दुर्मीळ ते विपुल झाले. एकाला अधिक सापडावे असे वाटते, दुसऱ्याला आणखी काही सापडू नये असे वाटते. छंदाचा कारभार जसजसा दुसऱ्याच्या हाती जाईल, तसतसे अज्ञान हीच त्याची मालमत्ता होत जाईल.

विक्रमी भावाने छंद वाढतोच असे नाही, याचे एक उदाहरण टपाल तिकिटांच्या क्षेत्रात दिसते. १९४८ साली गांधीजींच्या स्मरणार्थ काढलेल्या दहा रुपयांच्या तिकिटावर ‘सर्व्हिस’ हा शिक्का मारून गव्हर्नर जनरलच्या उपयोगासाठी केवळ १०० प्रती काढण्यात आल्या. त्यांपैकी चार तिकिटांची एक पट्टी २०१७ साली ५ लाख पौंडांना विकली गेली. हा विक्रम वृत्तपत्रांत झळकला. परंतु त्यामुळे ठाण्याच्या किंवा कल्याणच्या शाळेतील एखादे मूल तिकिटे जमवू लागले असेल, असे मानण्यास आधार दिसत नाही. त्याच वर्षी टपाल खात्याने सहावी ते नववीच्या विद्यार्थ्यांना तिकीटसंग्रहासाठी वर्षाला सहा हजार रुपयांची शिष्यवृत्ती देणारी ‘स्पर्श’ योजना काढली. छंदाच्या वाढीचा विचार करताना मला त्या ५ लाख पौंडांपेक्षा या सहा हजारांचे महत्त्व अधिक वाटते, कारण पहिली रक्कम एका मनुष्याचा संग्रह पूर्ण करते आणि दुसरी अनेकांचा सुरू करते.

उलटपक्षी, विक्रमी भावांच्या वार्तांनी साध्या माणसांत जो भ्रम पसरतो त्याचे बळी आपल्या आसपास आहेत. घरातली जुनी पाच रुपयांची ट्रॅक्टरचे चित्र असलेली नोट किंवा देवीचे चित्र असलेले नाणे लाखो रुपयांना जाईल असे सांगून, त्यासाठी आगाऊ कर व दलाली उकळणाऱ्यांचा सुळसुळाट एवढा झाला, की ऑगस्ट २०२१ मध्ये भारतीय रिझर्व्ह बँकेला, आपला अशा व्यवहारांशी काही संबंध नाही आणि आपण कोणाकडूनही त्यासाठी शुल्क घेत नाही, असे जाहीर करावे लागले. डोंबिवलीच्या एका गृहिणीने अशाच एका अनोळखी मनुष्याला पैसे पाठवले आणि ते परत आले नाहीत. घरच्या नाण्यांविषयी तिला पूर्वी जे कुतूहल होते, ते त्या अनुभवाने पार विझले. ती नाणी आता ती कोणाला दाखवतही नाही. पैशाची हानी भरून निघेल, कुतूहलाची निघणे कठीण.

७

तेव्हा उत्तर काय? भाव खाली आणणे कोणाच्या हाती नाही, आणि तांबटाच्या मुशीचे दिवस परत यावेत अशी इच्छा करणेही चुकीचे. माझे मत असे की, भाव जोपर्यंत नाण्याला आणि त्याच्या हकीकतीला एकत्र ठेवण्याचा खर्च भागवतो तोपर्यंतच तो छंदाचा मित्र आहे. ज्या क्षणी तो हकीकत लपवण्याचे कारण बनतो, त्या क्षणी तो छंदाचा शत्रू होतो. म्हणून आपले प्रयत्न भावावर नव्हेत, हकीकतीवर केंद्रित झाले पाहिजेत.

पहिले काम विधिमंडळाचे आणि संसदेचे. १८७८ च्या कायद्यातील धातूच्या किमतीचे परिमाण बदलून सापडणाऱ्याला रास्त बाजारभाव, आणि तोही विनाविलंब, मिळाला पाहिजे. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू देशाबाहेर नेण्यास १९७२ च्या कायद्याने मनाई आहे ती योग्यच आहे. परंतु देशातल्या देशात साठे फुटून जाण्यास आळा घालायचा असेल, तर शिक्षेच्या धाकापेक्षा प्रामाणिकपणाचा मोबदला अधिक उपयोगी पडेल.

दुसरे काम आपल्या गावांतील संस्थांचे, आणि त्यासाठी कोणत्याही फर्मानाची वाट पाहण्याचे कारण नाही. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे आहे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे आहे. अशा संस्थांनी आपल्या परिसरातील नाण्यांचे एक नोंदपुस्तक का ठेवू नये? कोणाच्या घरी कोणते नाणे आहे हे उघड न करता, त्या नाण्याचे दोन्ही बाजूंचे छायाचित्र, वजन, व्यास, आणि ते कोठून, कसे मिळाले ही हकीकत एवढेच त्यात उतरवावे. बाळकुमच्या त्या निवृत्त गृहस्थांकडे अशी एक वही आहे. प्रत्येक नाण्यापुढे त्यांनी विकणाऱ्याचा गाव, त्याने सांगितलेली माहिती आणि सोनाराच्या काट्यावर केलेले वजन लिहून ठेवले आहे. अलीकडे एका व्यापाऱ्याने त्यांच्या निवडक नाण्यांना चांगली किंमत देऊ केली. वहीविषयी त्याने विचारलेही नाही. वस्तुतः त्या संग्रहातील ज्या गोष्टीची दुसरी प्रत जगात कोठेही नाही, ती म्हणजे ती वही.

तिसरे काम आपणा संग्राहकांचे. नवख्याला छंदात येण्याचा मार्ग स्वस्त नाण्यांतून आहे आणि तो आपण जपला पाहिजे. झिजलेली, अर्ध्या अक्षरांची दुदांडी शिवराई आजही शाळकरी मुलाच्या आवाक्यात आहे. तिच्यावरचे उरलेले ‘छत्र’ वाचायला लावून, दुसऱ्या नाण्यावरचे ‘पति’ त्याला शोधायला लावण्यात जे शिक्षण आहे, ते लाखाच्या नाण्याच्या डबीत नाही. प्रदर्शनांतून लिलावाच्या मंडपाइतकीच जागा अशा नाण्यांना आणि अशा मुलांना मिळावी. विकताना नाण्याबरोबर त्याची हकीकतही लेखी द्यावी, आणि घेणाऱ्याने ती मागावी. हकीकत नसलेल्या नाण्यावर, जुन्या सराफांप्रमाणे, बट्टा लावावा. बाजाराला आपण हे शिकवू शकलो, तर आज ज्या भावाने साठे फुटतात, त्याच भावाने ते एकत्र राहतील.

शिवराईची किंमत वाढते आहे आणि वाढत राहील, कारण तिच्यावरचे नाव मराठी मनात सदैव चढत्या भावाचे आहे. ते नाव ज्याचे, त्याने रयतेचे नुकसान होईल अशा नाण्याची सक्ती नाकारली होती. त्याच्या नाण्यांचा व्यवहार करताना आपल्या भावी पिढ्यांचे नुकसान होऊ न देणे, हे त्या नावाशी इमान राखणे होय. आणि त्या पिढ्यांना तांबे किती मिळाले यापेक्षा माहिती किती मिळाली, यावर आपल्या छंदाचा निवाडा होईल.